दोन उजव्या बाह्या

माणूस वरून कसा दिसतो, यावर कोटवालीचा काडीचा विश्वास नव्हता. तिनं माणसं आतून पाहिली होती, म्हणजे त्यांच्या कोटांच्या आतून. आणि तिथं जे काही दिसलं, त्यामुळे एकूण मनुष्यप्राण्याबद्दलच तिच्या मनात शिसारी घर करून बसली होती.

तिचा धंदाच तसा होता. जाडजूड कापड शिवायचं. लोकरीचे ओव्हरकोट, कॅनव्हासची जाकिटं, गोदामातल्या हमालांचे दुहेरी अस्तराचे डगले. हलकं, झुळझुळीत कापड तिच्या दुकानाची पायरी चढत नसे. त्यातही नवा कोट शिवायला येणारे थोडे आणि जुना उलटून घ्यायला येणारे फार. उलटणं म्हणजे असं, की भारी लोकरीचा कोट वापरून वापरून वरून झिजतो, चकाकायला लागतो, कळकट होतो. आतली बाजू मात्र अस्तराखाली नव्यासारखी राहते. मग अख्खा कोट उसवायचा, तुकडा न् तुकडा सुटा करायचा, धुऊन वाफेवर ताणायचा आणि आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. गिऱ्हाईक नवा कोट घालून मिरवायला मोकळं. आणि उसवताना त्या कोटातून जे बाहेर पडेल ते कोटवालीच्या मांडीवर.

काय काय पडायचं! शाळेच्या हेडमास्तरांच्या खिशाच्या तळाशी शेंगांची टरफलं, पेन्सिलीच्या साली आणि कसलासा चिकट पदार्थ यांची एकजीव गादी झालेली होती. एका वकिलाच्या कॉलरच्या दुमडीत मानेचा मळ असा थरांवर थर देऊन बसला होता, की ओल्या फडक्यानं तो हलेना, बोथट सुरीनं खरवडावा लागला. अत्तराशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या एका बाईंच्या कोटाची बगल उघडली, तर घामाच्या पांढऱ्या रेघा आणि असा काही भपकारा, की कोटवाली उठून दारात जाऊन उभी राहिली. "शी! ही माणसं आंघोळ करतात की नुसती ओली होतात?" असं ती गिऱ्हाईक समोर असतानाच मोठ्यानं म्हणे. गिऱ्हाइकं ओशाळं हसत. तिच्या तोंडाला कोण लागणार? आणि जाड कापडाला तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा होता?

जाड कापड हे मुळात हट्टी असतं. टाचणी लावायला जावं तर टाचणी वाकते. खडूची रेघ ओढावी तर लव ती गिळून टाकते. खिशाच्या कोपऱ्यावर थरांवर थर आले, की मशीनचा पाय चिखलात रुतलेल्या म्हशीसारखा अडून बसतो. तिथं मागून पुठ्ठ्याची घडी सारून त्याला समपातळीवर आणावं लागतं, नाहीतर सुई तुटलीच म्हणून समजा. शिवण मारून झाली, की आतल्या थरांच्या कडा एकाखाली एक पायऱ्यांसारख्या कापायच्या, म्हणजे वरून उंचवट्याचा दांडा दिसत नाही. मग वाफ द्यायची आणि लाकडी ठोकळ्यानं शिवण बडवायची, चांगली आदळून आदळून, जोवर ती गपगार पडत नाही तोवर. कोटवाली शिवण बडवायला लागली, की शेजारच्या भिंतीवरची भांडी हलत. ते काम तिला मनापासून आवडे. दुसरं काही आवडे असं नव्हे.

हे सगळं तिला शिकवलं होतं सासऱ्यानं. गल्ली त्याला मोठे मास्तर म्हणे. उंच, ताठ, कायम इस्त्रीतला माणूस. बोलणं असं गोड, की गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याचं नाव विसरून जाई. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जाड कापडाचं फिटिंग डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं." असं म्हणून कच्च्या टाक्यांवरच्या कोटाच्या आत तो हात घाली, आणि तो हात कापड सोडून हिंडे. गिऱ्हाईक पुरुष असलं तर हात शहाणा असे. बाई असली, की त्याला कापड फार बारकाईनं तपासावं लागे. सून घरचीच होती. प्रत्येक नवा बेतलेला कोट आधी तिच्याच अंगावर चढे, कधी पुरुषी मापाचासुद्धा, आणि मास्तर निवांतपणे फिटिंग पाहत बसे.

नव्या नवलाईच्या दिवसांत तिनं सासूला सांगून पाहिलं. सासू गहू निवडत होती, तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "म्हातारा माणूस, कापड बघतो. तू कुठं बघतेस?" त्या दिवसापासून कोटवालीनं जे ओठ शिवले ते शिवलेच. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो बापाच्या शब्दाबाहेर नव्हता आणि ऐकलं तर शरमेनं मरेल असं तिला वाटे. पुढं लेक झाली, तेव्हा तर तिनं मनाशी पक्कं केलं, की पोरीला आजोबा तरी स्वच्छ मिळू दे. पोरीला ती त्याच्याजवळ कधी एकटं सोडत नसे. तो पोरीला बोलावी तेव्हा कोटवालीला नेमकं काहीतरी काम आठवे. बाकी त्याला गरम जेवण, वेळेवर औषध, शेवटच्या आजारात उशा-पायथ्याची ऊठबस, सगळं केलं. तो मेला तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी. तिला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

मास्तर गेल्यावर दुकान तिच्याकडं आलं. नवरा इस्त्री करी. त्याचा हात सुईत कधी बसलाच नाही. फिटिंग ती हातानं पाहत नसे. तिनं एक चपटी लाकडी पट्टी केली होती, ती ती कोटाच्या आत सरकवी आणि कुठं सैल, कुठं घट्ट ते पट्टीच्या टोकावरून ओळखी. गिऱ्हाइकांना वाटे, बाई शिष्ट आहेत.

आणि आता लेकीला दूरच्या, हाडं फुटतील अशा थंडीच्या मुलुखात नोकरी लागली होती. जायचा दिवस जवळ आला होता आणि कोटवालीच्या घरात कोट नव्हता. हे ऐकून कोणी हसेल, पण लोकांचे कोट शिवणाऱ्यांच्या घरात स्वतःसाठी चिंधी उरत नाही. तशात एका सकाळी नवऱ्यानं पत्र्याच्या ट्रंकेतून एक गाठोडं काढलं आणि कटिंगच्या टेबलावर उलगडलं. मोठ्या मास्तरचा काळा ओव्हरकोट.

"अण्णांचा," तो म्हणाला. "ह्याच्यासारखी लोकर आता मिळायची नाही. उलटून दे पोरीला. आजोबांची ऊब अंगावर असेल तिच्या."

"मला नको तो कोट," कोटवाली म्हणाली.

"तुला कोण देतंय? पोरीला द्यायचाय."

"दुसरं काहीतरी बघू."

"काय बघू? तू सांग. काय खोट आहे ह्याच्यात?"

काय खोट आहे ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. ती लेकीकडं वळली. लेक खिडकीशी बसून नखं कापत होती. ही पोर तशी आईशी कामापुरतंच बोलायची. लहानपणी भडाभडा बोलणारी, मग कधीतरी एकदम गप्प झाली ती झालीच. "कर काय करायचं ते," ती म्हणाली आणि नख खिडकीबाहेर उडवलं.

तेव्हा एकच गोष्ट कोटवालीच्या मनात होती. त्या माणसाचं कापड तिच्या पोरीच्या अंगाला लागता कामा नये. आणि तोंड न उघडता ते थांबवायचं कसं, हे तिला समजत नव्हतं. मग तिला वाटलं, कोटच साक्ष देईल. एवढ्या वर्षांत तिनं उसवलेला एकही कोट स्वच्छ निघाला नव्हता. हा तर त्या माणसाचा. आतून सडलेला निघेल, कसर लागलेली निघेल, मळाची पुटं निघतील. ती उचलून नवऱ्यापुढं आपटायची आणि म्हणायचं, बघा, ही तुमच्या अण्णांची ऊब. ती जवळजवळ उत्साहानंच उसवायला बसली.

कोट आतून स्वच्छ होता.

तिनं खिसे उलटे केले, तळाशी कणभर कचरा नाही. कॉलर उचकटली, दुमड कोरी. अस्तर सोडवलं, बगल हुंगली. कापराचा वास, बस. मास्तर नेमानं कोट झटकायचा, ब्रश मारायचा, हे तिला आठवलं. हेडमास्तर, वकील, अत्तरवाल्या बाई, सगळ्या गल्लीचा मळ तिनं हातानं काढला होता, आणि सगळ्यांत घाणेरड्या माणसाचा कोट हा असा धुतल्या तांदळासारखा. एवढी किळस तिला कुठल्याच मळाची आली नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे टाके. कॉलरच्या आत कॅनव्हासला घातलेले बारीक तिरके टाके, मेण लावलेल्या दोऱ्याचे, वरच्या कापडाला जेमतेम चाटून गेलेले. सुंदर काम होतं. आणि ते पाहताना तिच्या लक्षात आलं, की हे तिचेच टाके आहेत. तोच तिरकेपणा, तेवढंच अंतर, शेवटी दोरा वळवून लपवायची तीच लकब. शेजारी शेजारी ठेवले असते तर कोणाचे कुठले, तिलाही सांगता आलं नसतं. हा माणूस तिच्या बोटांत राहत होता. तिनं हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, आणि त्याच हातांनी पुन्हा उसवायला बसली. दुसरे कुठून आणणार?

एकच जागा झिजलेली होती. उजवी बाही, फिटिंग पाहणाऱ्या हाताची. कोपरापासून मनगटापर्यंत लव उडून कापड गुळगुळीत, चकचकीत झालं होतं. त्या बाहीकडं तिला बघवेना. तिनं मान फिरवूनच ती उसवली, मान फिरवूनच वाफवली, आणि जोडायची वेळ आली तेव्हाही डोळे खिडकीकडं आणि बोटं बाहीवर, असं करून कच्चा टाका मारला. डोळे मिटून काज करणारी बाई ती. तिला वाटलं, बाहीला काय बघायचंय?

कोट चढवायचा दिवस आला. नवरा कोपऱ्यात कोणाच्या तरी पँटवर इस्त्री फिरवत होता. लेक आरशासमोर उभी राहिली आणि कोटवालीनं मागून कोट तिच्या खांद्यांवर टाकला. उलटल्यामुळं काजं डावीकडची उजवीकडं गेली होती, पुरुषी कोट आपोआप बायकी झाला होता. पाठ झकास बसली. काळा रंग आतून अजून गडद होता. "वा!" नवरा म्हणाला. "अण्णा बघायला हवे होते."

कोटवालीनं पट्टी काढली आणि कोटाच्या आत सरकवली.

"आई गं! पट्टीनं काय ढोसतेस?" लेक म्हणाली. "हात लावून बघ ना."

"मी हात लावत नाही."

"मलापण?"

"सरळ उभी राहा."

लेक सरळ उभी राहिली. उजवी बाही नीट पडली. डावी मात्र भलतीच वळली होती. कोपराचा बाक मागं असायचा तो पुढं आला होता आणि मनगट पाठीमागं जाऊ पाहत होतं. जणू पोरीच्या खांद्याला दुसऱ्याच कोणाचा हात लावला होता. कोटवालीनं बाही ओढली, पिळली, झटकली. मग तिला त्या कापडाची चकाकी दिसली.

कोट उलटताना उजव्या बाहीची डावी होते आणि डाव्या बाहीची उजवी. डावी तिनं नीट उलटली होती, ती उजवीकडं बसली. आणि उजवी, जिच्याकडं तिला बघवत नव्हतं, ती तिनं न उलटताच डावीकडं जोडली होती. कोटाला दोन्ही बाह्या उजव्या झाल्या होत्या. आणि त्यातली एक आहे तशी, मास्तरची, झिजलेली बाजू वर.

"काढ," ती म्हणाली. "चुकलंय. काढ तो."

लेकीनं आरशात त्या बाहीकडं पाहिलं. "ही त्यांचीच आहे ना? आहे तशीच?"

"काढ म्हणते ना!"

लेकीनं कोट काढला नाही. आरशातूनच ती आईला म्हणाली, "तू हात का लावत नाहीस ते मला माहीत आहे."

कोटवालीच्या हातात पट्टी तशीच राहिली. "काय माहीत आहे?"

"मी टेबलाखाली बसायचे, चिंध्या वेचत. आठवतंय? तिथून तुमचे पाय दिसायचे. त्यांचे पुढं पुढं यायचे. तुझे मागं मागं जायचे, भिंतीला टेकेपर्यंत. मग तुझे पाय हलायचे नाहीत." ती एका दमात बोलत होती, पाठ केल्यासारखी. "आणि त्यानंतर तू त्यांना जेवायला वाढायचीस. गरम गरम. अजून घ्या म्हणायचीस. मला वाटलं, तुला चालतं."

"चालतं?" कोटवाली म्हणाली. "मला चालतं?"

"तू काही बोललीच नाहीस कधी. मग मी काय समजायचं? मला तुझी किळस यायची, आई. त्यांची यायचीच. पण तुझी जास्त."

कोटवाली मशीनच्या स्टुलावर बसली. पोरीला स्वच्छ आजोबा मिळावा म्हणून तिनं एवढी वर्षं मूग गिळले होते, आणि पोरीनं त्या गप्प बसण्याचा केवढा अर्थ लावून घेतला होता! लहान पोर टेबलाखाली बसून आईचे पाय बघते आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. ज्या घाणीसाठी ती सगळ्या जगाला शी-शी करायची, तीच घाण आईच्या पानात वाढलेली बघत पोर मोठी झाली होती.

इस्त्रीखालून जळका वास येऊ लागला. नवऱ्यानं दचकून ती उचलली. पँटवर तपकिरी डाग उमटला होता. "जाऊ दे गं," तो त्या डागाकडं बघत म्हणाला. "गेलेल्या माणसाचं आता काय उकरून काढायचं?"

कोटवालीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं 'कशाबद्दल बोलताय' असं विचारलं नव्हतं. काय झालं, कोणी केलं, कधी केलं, काही काही विचारलं नव्हतं. आणि हा शरमेनं मरेल म्हणून ती गप्प राहिली होती! हा तर चांगला जिवंत होता, दोन्ही वेळ जेवत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तो फडकं ओलं करून डाग पुसू लागला. इस्त्रीचा डाग पुसून जात नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"थंडीचं काय घालशील?" कोटवालीनं लेकीला विचारलं.

"काहीपण घालीन. ब्लँकेट गुंडाळीन. हा नाही."

"ब्लँकेटचाच शिवते," कोटवाली म्हणाली. "दे तो इकडं."

लेकीनं कोट काढून तिच्या हातात दिला. तो घेऊन कोटवाली मागच्या दारानं अंगणात गेली. तिथं कातरणं जाळायचं पत्र्याचं पिंप होतं. तळाशी सुती चिंध्या घालून तिनं काडी लावली, जाळ धरल्यावर कोट त्यात कोंबला आणि काठीनं दाबला. लोकर गुपचूप जळत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? लोकर भडकत नाही, धुमसते. आकसते, वेडीवाकडी होते, तिला काळे फोड येतात, आणि वास सुटतो तो केस जळल्याचा, नखं जळल्याचा, जिवंत काहीतरी भाजल्यासारखा. तो वास कुंपणावरून गेला, भिंतींवरून गेला, घराघरांत शिरला. खिडक्या उघडल्या. कोणी खोकलं, कोणी शिवी दिली. शेजारीण नाक दाबून कुंपणाशी आली. तिच्यामागून पलीकडच्या दोघी आल्या.

"अगं, काय जाळतेस काय? जीव गुदमरला आमचा!"

नवरा धावत दारात आला. "काही नाही वहिनी, जुन्या चिंध्या आहेत. आत्ता विझवतो."

"चिंध्या नाहीत," कोटवाली म्हणाली. "ह्यांच्या वडलांचा कोट आहे."

"अगं बाई! मोठ्या मास्तरांचा? आणि तो का जाळतेस?"

नवऱ्यानं तिच्या दंडाला हात लावला. तिनं तो झिडकारला आणि सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. गिऱ्हाइकाला मळ कुठं कुठं निघाला ते सांगावं, तसं सांगितलं. फिटिंगच्या नावाखाली हात कुठं जायचा. कसा जायचा. सासू काय म्हणाली. धुराआडून तिचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण ऐकू सगळ्यांना येत होतं.

तिचं बोलून झालं. मग शेजारीण कुंपणावरून वाकली आणि फार मायेनं, धीर देत म्हणाली, "अगं, ते का आम्हाला ठाऊक नव्हतं? सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आम्ही आमच्या पोरींना एकटं कधी पाठवलं का तुमच्या दुकानात?"

बाकीच्या दोघींनी माना डोलावल्या.

कोटवालीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या धुतलेल्या तोंडांकडं, विंचरलेल्या केसांकडं. आणि मग तिच्या पोटातून असा काही उमासा आला, की तिला पिंपाची कड धरायलाही वेळ मिळाला नाही. ती तिथंच वाकली आणि भडाभडा ओकली. नवरा मागं सरला. शेजारणींनी "अगं आई गं" करत तोंडं फिरवली.

लेक मागून आली. एका हातानं तिनं आईचं कपाळ घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं काठी उचलून पिंपाबाहेर लोंबणारी बाही आत लोटली.